आधी मला दिसतं

चारकोप, सेक्टर आठ. पहाटे पाच वाजून दहा मिनिटं.
मी आणि बुंदी जिना उतरतो,
ती उपाशी, मी अर्ध्या चहावर.
पंधरा फुटी दोरी, गळ्यात शिट्टी,
सुक्या बोंबलाचे तुकडे नवऱ्याच्या जुन्या चष्म्याच्या घरात,
कारण प्लास्टिक वाजलं की तिला कळतं.

मार्चपर्यंत असं काही नव्हतं.
मार्चपर्यंत ती पारेखांच्या पाहुण्यांना शेकहँड द्यायची,
फटाक्यांना घाबरून माझ्या पलंगाखाली शिरायची,
आणि लिफ्टमध्ये आम्ही सगळ्यांना सांगायचो,
अहो या, काही करत नाही ती.

मग पाण्याच्या टाकीमागे
एक करडं पिल्लू, सहा-सात आठवड्यांचं,
ज्याला दुसऱ्या मजल्यावरची अन्वी
बाटलीच्या झाकणातून दूध पाजायची.
मी फोन उचलायला दोरी सोडली होती.
ओरडणं नाही, भुंकणं नाही. दोन झटके.
शेपूट हलवत बुंदी माझ्याकडे आली
आणि तिने ते माझ्या चपलेवर ठेवलं.
डोळ्यांत तोच भाव,
चेंडू आणून दिल्यावर असायचा तो.

मी तिला मारलं. हे लिहायलाच हवं.
छत्रीच्या दांड्याने, मीही दोनदाच.
कशासाठी, तिला कळलं नाही.
मलाही नीट सांगता आलं नसतं:
पिल्लासाठी,
की लिफ्टमधल्या त्या वाक्यासाठी.

गोराईचे फ्लोरियन डाबरे आले, बुटांत वाळू घेऊन.
बिस्किटं नकोत म्हणाले, बोंबील आणा.
म्हणाले, बाई, हा दुर्गुण नाही. हे हत्यार आहे,
जन्माबरोबर आलंय, काढून कपाटात ठेवता येत नाही.
तिचा पुढचा पाय उचलला जातो आणि ती झेपावते,
यांच्यामध्ये एक श्वास असतो.
तेवढी जागा तुमची.
नंतर वाजवलेली शिट्टी वाऱ्याला.

एक श्वास.
एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका पकडल्या,
हा एवढा आकडा मात्र हाती लागेना.
एप्रिलभर उशिराच वाजवत राहिले:
घूस गटारात गेल्यावर,
साळुंकी तारेवर जाऊन बसल्यावर,
दोरीने तळहात सोलल्यावर.

मग केव्हातरी
रिक्षाखालची शेपटी आधी मला दिसू लागली.
वाळक्या पानांतली सरसर वेगवेगळी ऐकू येऊ लागली,
ही खार, हा सरडा, ही नुसतीच पिशवी.
वारा कुठून येतोय ते मी गालावर तपासते.
ऑफिसात एसीच्या पेटीवर कबुतर उतरलं
की माझं वाक्य मध्येच थांबतं, मान वळते,
आणि सुखटणकर फाईल धरून विचारतात,
मॅडम, काय झालं?
काय सांगू.
तिची शिकार थांबवायची तर आधी आपण करावी लागते,
शेवटचं पाऊल सोडून सगळी.

अन्वी अजून जिन्यात भिंतीला चिकटते.
मी दोरी आखडते. काही करत नाही, असं म्हणत नाही.
परवा तिने विचारलं, हिला वाईट वाटतं का?
नाही गं, म्हटलं. मला वाटतं.
ती विचार करत वर गेली.

आज तिवरांच्या कडेला ओहोटी होती.
चिखलात एक पाणकोंबडी, मागे काळ्या कापसाचे तीन गोळे.
मला आधी दिसल्या, मग तिला.
तिचा उजवा पाय उचलला गेला,
माझीही टाच, नकळत.
शिट्टी ओठांत होती, आणि खरं सांगते,
मी किंचित थांबले. बघायला.
इतकी ताठ, इतकी सगळीच्या सगळी
ती घरात कधी नसते.

मग वाजवली.
आधी एक कान वळला. बाकीची बुंदी मागाहून,
नाइलाजाने, दोनदा वळून बघत.
बोंबील हातातून घेतला, दात न लागू देता.
चिखलात त्या चौघी
आपापल्या कामात.